वर्षाचं ताट

माझ्या मायच्या घरात वजनकाटा कधी नव्हता. तांदळाला पायली होती, डाळीला पितळी गिलास, तेलाला पळी. भाजीला तर मापच नव्हतं. ती ओंजळीतून यायची, ओच्यातून यायची, टोपलीतून यायची. गेल्या आषाढात मी सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावी गेले तेव्हा मात्र माझ्या पिशवीत एक लहानसा काटा होता. मायचा रक्तदाब वाढला होता. ती दिवसभरात काय खाते, किती खाते, ते आठवडाभर लिहून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोबत एक रंगीत कागदही दिला होता. कागदावर एक गोल ताट आणि ताटात वेगवेगळ्या रंगांचे वाटे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली देशासाठी सतरा आहारसूत्रं जाहीर केली, त्यांतलं हे ताट. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाने धान्य २५० ग्रॅम खावं, भाजी ४०० ग्रॅम, फळं १००, डाळ किंवा अंडी-मासे-मटण ८५, दाणे आणि तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम, आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. मायने कागद दारातल्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"एवढी भाजी एका माणसाले? अन् भात एवढासाच?" मग थोडं थांबून म्हणाली, "हे कोण्या महिन्यातलं ताट होय वो बाई?"

मी म्हटलं, रोजचं आहे. बाराही महिन्यांचं.

"बारा महिने एकच ताट?" असं म्हणून तिने कागद घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवला आणि रोवणीचे परे कितीक उरले ते पाहायला धानाच्या बांधीकडे निघून गेली.

तिचा तो प्रश्न मला आठवडाभर पुरला. खरं तर अजून पुरतो आहे.

मी रोज मोजत होते. मायचे दिवसाचे तांदूळ, शिजवण्याआधी, ३८० ग्रॅम भरले. डाळ तीस ग्रॅमच्या आसपास. भाजी म्हणजे वांगं आणि बटाटा मिळून सव्वाशे ग्रॅम, आणि त्यातला बटाटा हा भाताचाच भाऊ. फळ नाही. दूध चहात पडलं तेवढंच. कागदावर ज्याचा वाटा पाव होता त्याने ताट भरलं होतं, आणि ज्याचा वाटा सगळ्यांत मोठा हवा ती भाजी काठाला लागून बसली होती. हे एकट्या मायचं नाही. आपल्या देशात माणसाच्या पोटात जाणाऱ्या एकूण ऊर्जेतला निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंतचा वाटा धान्यातून येतो, असं पोषण संस्थाच सांगते. तो पंचेचाळीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, हे तिचं म्हणणं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात सव्वा लाखाच्या घरात प्रौढांचं खाणं तपासलं गेलं. त्यात बासष्ट टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून आल्याचं दिसलं. दक्षिणेत, पूर्वेत, ईशान्येत पांढरा तांदूळ. उत्तरेत आणि मध्य भारतात गहू. आणि ज्वारी-बाजरी-नाचणीला जेवणात खरी जागा उरलेली राज्यं बोटांवर मोजण्याइतकी. महाराष्ट्र त्यांतला एक.

पण महाराष्ट्र म्हणजे तरी एक ताट कुठे आहे? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातूनच एक रेघ जाते. वर्धा नदीच्या अंगाला, वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या काळ्या मातीच्या पट्ट्यात, ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण. वैनगंगेच्या अंगाला, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि पलीकडे गडचिरोली, म्हणजे झाडीपट्टीत, भात. तळ्यांचा मुलूख हा. माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान पिकतो, त्याच तलावांतून मासळी आणि शिंगाडे येतात. मी लहान असताना वरोऱ्याकडून आलेले पाहुणे भाकर मागायचे आणि मायची धांदल उडायची. आता दोन्ही नद्यांच्या काठी रेशनचा पांढरा तांदूळ पोचला आहे आणि ती रेघ पुसट होत चालली आहे.

या तांदळाची आणि त्या पोषण संस्थेची ओळख फार जुनी आहे. ही संस्था जन्मली तीच तांदळाच्या प्रश्नातून. १९१८ साली तमिळ मुलखातल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन नावाच्या डॉक्टरने बेरीबेरीचा शोध घेणारं एक लहानसं केंद्र सुरू केलं. पायांतली ताकद नेणारा, हृदय थकवणारा तो आजार. तांदूळ गिरणीत घासून घासून पांढरा केला की त्याच्या अंगावरचा कोंडा जातो, आणि कोंड्यासोबत जीवनसत्त्वही जातं, हे त्याचं मूळ. पुढे मॅकॅरिसनने आणखी एक प्रयोग केला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, बंगाली, मद्रासी अशा निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांचं जेवण त्याने उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घातलं. गहू, दूध, डाळ, भाजी असं शिखांचं जेवण जेवलेले उंदीर सगळ्यांत धडधाकट निघाले, घासलेल्या तांदळावर राहिलेले मद्रासी गटातले सगळ्यांत दुबळे, आणि मराठा गट मधे कुठेतरी. प्रांताप्रांतांच्या ताटांची देशातली ती पहिली मोठी तुलना असावी. ते केंद्र १९५८ साली हैदराबादला आलं, १९६९ साली त्याला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळालं, आणि त्याच घराण्यातला कागद आज आमच्या मिठाच्या बरणीखाली पोचला.

आमच्या घरी उखळ होतं. पहाटे दोन बाया समोरासमोर उभ्या राहून मुसळ घालायच्या आणि त्या आवाजाने मला जाग यायची. कांडलेला तांदूळ लालसर, थोडा गढूळ रंगाचा असायचा. भात शिजला की पेज वेगळी निघायची. ती मीठ घालून आधी म्हाताऱ्यांना, मग पोरांना. उखळ गेलं, गिरणी आली, आणि पांढरेपणा ही प्रतिष्ठा झाली. यात आमच्याच मातीतल्या एका माणसाची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. लहानसं शेत, शिक्षण बेताचं. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या उभ्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेचल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडल्या. त्यातून बारीक, सुवासिक, भरघोस पिकणारा जो तांदूळ आला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं. आज तो अनेक राज्यांत पिकतो. पुण्या-मुंबईतल्या ताटातही तो असतो. पण दादाजींचं नाव तिथे किती जणांना ठाऊक आहे? ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या तांदळात काही खोट नव्हती. तो कांडून खाल्ला असता तर कोंडाही पोटात गेला असता. गिरणीने तो घासला, आणि त्याच्या पांढरेपणालाच आपण गुण मानलं.

आता मायच्या प्रश्नाकडे वळते. कोणत्या महिन्यातलं ताट?

मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत रस्त्याकडेला तरोटा उगवतो. त्याची कोवळी पानं खुडायची, उकडून पाणी काढायचं आणि लसणाच्या फोडणीत परतायची. तेव्हा घरात धान संपत आलेलं असतं, पण भाजी फुकट असते. आषाढ-श्रावणात वारुळांवर सात्या फुटतात. ही पांढरी, छत्रीसारखी अळिंबी. ती शिजली की मटणासारखा वास घरभर फिरतो. त्याच सुमाराला बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांना आम्ही वास्ते म्हणतो. बारीक चिरायचे, पाण्यात ठेवून कडूपणा घालवायचा, मग डाळीत शिजवायचे. कुंपणावर काटवल. भादव्यात अंबाडी, धोप्याची पानं. बांधीत खेकडे, बारीक मासोळ्या. धान कापायच्या दिवसांत शिंगाडे आणि जंगलातली सीताफळं. मग वेलावर लटकणारा मटारू, बोरं, आवळे, हरभऱ्याची आणि लाखोळीची कोवळी भाजी, पोपटाच्या शेंगा. फाल्गुन-चैतात मोह गळतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला, आणि त्या वासाने डोकं जड झालेलं. वाळवलेली मोहफुलं वर्षभर पुरतात. त्यांचं नाव काढलं की लोकांना दारू आठवते. पण उकडून, भाजून, तिळासोबत कुटून खाल्लेला मोह हे इथलं जुनं अन्न आहे. वैशाखात चारं, टेंभरं. चाराच्या बीतून चारोळी, बिब्यातून गोडंबी. ज्येष्ठात जांभळं. आणि पुन्हा तरोटा.

म्हणजे कागदावरच्या ताटात जे जे मागितलं आहे, भाजी, फळ, डाळ, बिया, मासळी, ते ते सगळं इथे होतं. एका दिवसात नव्हतं, वर्षात होतं. जंगलाचं ताट वर्षाचं असतं. श्रावणातल्या एखाद्या दिवशी ते पानापानांनी हिरवं असतं, वैशाखात फळांनी गोड, माघात शेंगांनी भरलेलं. बारा महिने सारखं वाढणारं ताट बाजारातून येतं. बारा महिन्यांत पुरं होणारं ताट पायाखालच्या मातीतून येतं. दुसऱ्या ताटाला माणसाचं ज्ञान लागतं. कोणतं पान कोवळं, कोणतं उकडून पाणी फेकायचं, कोणती अळिंबी विषारी, हे डोक्यात पक्कं असावं लागतं. डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीतल्या बायांचं झाडांशी असलेलं हेच नातं लिहून ठेवलं आहे. नातं हाच शब्द खरा, कारण ते निव्वळ माहितीने सांभाळलं जात नाही.

मला या गोष्टीला सोनेरी मुलामा द्यायचा नाही. वर्षाच्या ताटात उपासही होता. धान संपल्यापासून नवं येईपर्यंतचे दिवस पेजेवर काढलेले लोक मी पाहिले आहेत. लाखोळीचीच गोष्ट घ्या. उभ्या धानात, कापणीच्या आधी, ओल असतानाच ती फेकायची. ना नांगर, ना पाणी. प्रथिनांनी भरलेली डाळ. पण दुष्काळात जेव्हा दुसरं काहीच नव्हतं आणि माणसं महिनोन्महिने लाखोळीवरच राहिली, तेव्हा कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती पुढे उठवली. बंदीच्या काळातही झाडीपट्टीत लाखोळी पिकत राहिली, कारण ती थोडी खायची, भिजवून, उकळीचं पाणी ओतून टाकून, भातासोबत आणि भाजीसोबत, हे घराघरात माहीत होतं. एकाच गोष्टीने भरलेलं ताट घात करतं, मग ती लाखोळी असो की पांढरा भात. हे शहाणपण आमच्याकडे होतं आणि कागदावरही तेच लिहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या कामासाठी मी भामरागड तालुक्यात गेले होते. ज्या माडिया घराच्या पडवीत आम्ही टेकलो, तिथल्या बाईने भात, आंबट पेज आणि पानावर लाल मुंग्यांची चटणी वाढली. गाय दारात होती, वासरू तिला लुचत होतं. दुधाचं विचारलं तर बाई हसली. दूध वासराचं, असं माडियांचं जुनं म्हणणं. कागदावरचं ३०० मिलिलिटर दूध त्या घरात कधीच नव्हतं. हाडांसकट खाल्लेली बारकी मासळी, तीळ आणि हिरवा पाला यांनी त्याची भरपाई होत आली. नवा आंबा खायच्या आधी तिथे मरका पंडुम होतो. गावाने सण केल्याशिवाय कोणी आंब्याला हात लावत नाही. फळ पिकू द्यावं, झाडाला वेळ द्यावा, आणि पहिला घास सगळ्यांनी एकत्र घ्यावा, हा या लोकांचा आहारनियम आहे.

मग हे ताट विस्कटलं कशाने? लोकांना चव कळेनाशी झाली म्हणून नक्कीच नाही. आमच्या गावाच्या मागचं जंगल आता वाघाचं जास्त आणि आमचं कमी आहे. मे २०२५ मध्ये आमच्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर टोपली घेऊन निघताना कोणत्या बाईचा पाय अडखळणार नाही? काही ठिकाणी खाण आली, काही ठिकाणी नुसती सागाची लागवड. सागाखाली तरोटा येईल, पण मोह, चार, टेंभर कुठून येणार? जवसाचं तेल घाण्यावरून यायचं, आता पिशवीतून पामतेल येतं. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत मिळालेल्या आनंदाच्या शिध्यात रवा होता, साखर होती, चणाडाळ होती आणि एक लिटर पामतेल. सण गोड झाला, हे खरं. रेशनच्या तांदळाने उपासाचे दिवस संपवले, हेही खरं, आणि ते ऋण मी विसरणार नाही. पण पोट भरणं आणि ताट भरणं यात अंतर आहे, आणि त्या अंतरात आज आमची माणसं आजारी पडत आहेत.

किती आजारी? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गावांत मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण पक्षाघात निघालं. शंभरात चौदा, म्हणजे सातांतला एक. हिवतापाचा आणि कुपोषणाचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा. तिथे शेतकरी, मजूर माणसं मेंदूतल्या रक्तस्रावाने किंवा गुठळीने जातात. वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू ही पक्षाघाताची मोठी कारणं, आणि रक्तदाबामागे मीठ. सूत्रांत मिठाला दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा आहे. नुसत्या भातासोबत मीठ-मिरचीवर जेवणाऱ्या माणसाला ती पाळणं किती अवघड, हे मी मायच्या ताटात पाहिलं. भाजी कमी झाली की मीठ वाढतं. ताटातला एक वाटा रिकामा झाला की दुसरा त्याची जागा खातो.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. सकाळी कामावर जाताना एक, दुपारी एक, भूक लागली की एक. रोवणीच्या बांधीत दिवसभर वाकून परे लावणाऱ्या बाईला जवळजवळ २७०० कॅलरी लागतात, असं पोषण संस्थेचं गणित आहे. कागदावरच्या ताटापेक्षा सातशेने जास्त. ती भूक बऱ्याच जणी खर्ऱ्याने मारतात. माझ्या नात्यातल्या एका दादाचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. भाकर चावत नाही, काटवल चावत नाही. मऊ भात आणि वरणाचं पाणी, एवढंच जातं. त्याच्यासाठी कोणतं सूत्र लिहायचं? मुक्तिपथसारखी चळवळ गावोगावी खर्ऱ्याविरुद्ध बायांना उभं करते आहे, तिला मी आहाराचीच चळवळ मानते. तोंड उघडलं तर ताटाला अर्थ.

आठवडा संपत आला तेव्हा मी आणि माय मूलच्या गुजरीत गेलो. पावसाची झड होती. आडोशाला बाया रांगेने बसलेल्या, समोर प्लॅस्टिकच्या कागदावर वाटे मांडलेले. इथे भाजी किलोने विकत नाहीत, वाट्याने विकतात. वास्त्याचा एक वाटा, काटवलाचा एक. एका म्हातारीपुढे पळसाच्या पानावर सात्या होत्या, जेमतेम चार मुठी, मुळाला अजून वारुळाची माती लागलेली. भाव ऐकून मी दचकले. मटणाहून महाग. माय खाली बसली, एक सात्या उचलली, उलटी केली, नखाने देठ दाबून पाहिला.

"कुठची वो बाई?"

"आमच्याच पहाडीची. तीन जणी मिळून गेलो होतो. एकटीनं नाही जात आता."

"अन् तुमी खाल्ली का?"

म्हातारी नुसती हसली. चार मुठी सात्या विकून ती किराणा आणि मीठ घेऊन जाणार होती. जंगलातलं सगळ्यांत चांगलं अन्न आता जंगलाजवळच्या ताटात राहत नाही. ते शहरातल्या माझ्यासारख्यांच्या ताटात येतं.

त्या रात्री सात्यांची भाजी झाली. मी काटा काढला. भाजी मायच्या वाट्याला दोनशे ग्रॅमच्या वर गेली, भात आपोआप कमी झाला, मीठही कमी लागलं. कागदावरचं ताट एका रात्रीपुरतं आमच्या घरी उतरलं होतं, कोणी कोणाला उपदेश न करता.

म्हणून मला वाटतं, इथल्या माणसाला कसं खावं ते शिकवण्याआधी त्याचं खाणं त्याच्यापर्यंत पोचू द्यावं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. अठराशे हेक्टर जंगलाची राखण गाव स्वतः करतं. जंगल गावाच्या हाती आलं की मोह, चार, टेंभर तोडायचे की राखायचे, हे खाणाराच ठरवतो. रेशनमध्ये तांदळासोबत डाळ यावी, ज्वारी यावी, कोदो-कुटकी यावी. अंगणवाडीत आणि आश्रमशाळेत आठवड्यातून दोनदा तरी इथलीच हंगामी भाजी शिजावी, आणि ती गावातल्या बायांकडून विकत घ्यावी. जवसाचे घाणे परत फिरावेत. दवाखान्यातल्या भिंतीवर त्या गोल ताटाशेजारी आणखी एक चित्र लावावं. बारा महिन्यांचं, बारा वाट्यांचं. मृगात तरोटा, श्रावणात सात्या, माघात पोपट, चैतात मोह. ते चित्र हैदराबादहून येणार नाही. ते काढायला आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बसवाव्या लागतील, आणि लवकर बसवाव्या लागतील.

तुम्ही या पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे आलात, तर गुजरीत थोडा वेळ थांबा. ओळखीच्या भाजीपाशी थांबू नका, अनोळखी वाट्यापाशी बसा. नाव विचारा, कशी शिजवायची ते विचारा, भाव पाडू नका. घरी गेल्यावर ते नाव कुठेतरी लिहून ठेवा. मी मायच्या तोंडून आतापर्यंत त्रेचाळीस नावं लिहून घेतली आहेत. त्यांतल्या अकरा भाज्या तिने गेल्या दहा वर्षांत पाहिलेल्या नाहीत.